सावलीतला तेरडा: मीरा रोडच्या दोन विंगांमधली हंगामी फुलं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढले आहेत, निम्मे राहिलेत.)

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी दांडा नीट धरा, मग ऐका. फुलं कुठे पळून जात नाहीयेत.

मागच्या काही एपिसोडनंतर तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक वाक्य सारखं ऐकू आलं: ‘ताई, आमच्याकडे ऊनच येत नाही.’ मला हसू यायचं, कारण मी मीरा रोडला राहते. इथे समोरच्या घरातली सिरियल आपल्या किचनमध्ये ऐकू येते, इतक्या जवळजवळ बिल्डिंगा. ऊन येतं ते टेरेसवर, आणि टेरेसला कुलूप. त्यामुळे आज सावलीबद्दल बोलू. सावलीत रंगीत फुलं, तीही हंगामी, म्हणजे बी पेरलं, फुललं, संपलं अशी एका मोसमाची. कुठली लावायची याची यादी इंटरनेटवर पाच मिनिटांत मिळते. मलाही मिळाली होती, आणि तिच्याच भरवशावर मी चोवीस रोपं मारली.

तर गोष्ट अशी. आमच्या सोसायटीत ए विंग आणि बी विंगच्या मध्ये, ए विंगच्या उत्तरेच्या भिंतीला लागून, मातीचा एक पट्टा आहे. तीस फूट लांब, चार फूट रुंद. दोन्ही बाजूंना सात-सात मजले. गेल्या वर्षी एप्रिलच्या मीटिंगमध्ये विषय आला की हा पट्टा नुसता पडलाय, पेव्हर ब्लॉक टाकून टू-व्हीलर लावू. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही.’ खोटं नव्हतं ते. लोक हात वर करणार, इतक्यात आई उभी राहिली. माझी आई मीटिंगमध्ये कधी बोलत नाही, ती फक्त चहाचे कप मोजते. म्हणाली, ‘गौरीपर्यंत थांबा. मला तिथे तेरडा लावायचाय.’

आमच्याकडे गौर तेरड्याची असते. मुखवट्यांच्या गौरी असतात, खड्यांच्या असतात, तशी कोकणातल्या बऱ्याच घरांत तेरड्याची. रोप मुळासकट आणायचं, कारण तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं. आईचे गुडघे आता गावच्या प्रवासाला तयार नाहीत, त्यामुळे गौर पहिल्यांदाच मीरा रोडला बसणार होती. बाजारात तेरडा मिळतो, दादरला तर ढिगाने मिळतो. पण आईला तो उगवलेला हवा होता. मी म्हटलं, ‘अगं, तिथे ऊन नाही.’ ती म्हणाली, ‘पावसाळ्यात ऊन असतं का कुठे?’

हे वाक्य मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी हुशारी केली. मेच्या सुरुवातीलाच नर्सरीत गेले आणि ‘सावलीत चालणारं फूल द्या’ म्हणून इम्पेशन्सची चोवीस रोपं घेऊन आले. तेरड्याचंच भावंड आहे ते, मूळचं पूर्व आफ्रिकेचं. झांजीबारच्या सुलतानाच्या नावावरून एके काळी त्याला इम्पेशन्स सुल्तानी म्हणत. गुलाबी, लाल, पांढरी चपटी फुलं. सगळ्या जगात सावलीचं फूल म्हणून हेच लावतात. लावली, पाणी घातलं, स्टोरी टाकली. आठ दिवसांत पानं भाजून कागदासारखी झाली.

सावलीतली रोपं उन्हाने जळाली! मला वाटलं कुणीतरी वरून गरम पाणी ओतलं. मग एका रविवारी खिडकीच्या ग्रिलला फोन बांधून खाली टाइमलॅप्स लावला. साडेदहाच्या सुमारास पट्ट्यावर ऊन उतरलं आणि अडीच वाजेपर्यंत हललं नाही.

याचं कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे, आपण ते परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. मीरा रोड कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, साधारण १९.३ अंश उत्तरेला. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यालाच शून्य सावली दिवस म्हणतात, तुम्ही बाटली उभी करून व्हिडिओ काढले असतील. आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो! म्हणजे जी उत्तरेची बाजू आपण ‘कायम सावलीची’ म्हणून सोडून देतो, तिच्यावर वर्षातलं सगळ्यात कडक ऊन मे महिन्यात पडतं. आमच्या पट्ट्याला मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचं ऊन असतं. फक्त जूनपासून मध्ये ढग येतात, म्हणून आपल्याला ते कधी दिसत नाही.

डिसेंबरमध्ये उलटं. २२ डिसेंबरच्या आसपास दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो, दक्षिणेकडे कललेला. तेव्हा भर दुपारची सावली जवळपास वस्तूच्या उंचीएवढी पडते. सात मजली बिल्डिंग साधारण २२ मीटर धरा, तर सावली २० मीटर. दोन विंगांमध्ये अंतर पाच मीटर. झालं, हिवाळाभर त्या पट्ट्याला सूर्य दिसतच नाही.

म्हणून ‘आमच्याकडे सावली आहे’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठल्या महिन्यात? ‘सावलीत चालणारं’ ही चिठ्ठी रोपावर असते, पण आपली जागा मेमध्ये एक असते आणि डिसेंबरमध्ये दुसरीच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. प्रकाश कमी-जास्त झाला की डोळा आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे अंधारा कोपराही आपल्याला ‘बऱ्यापैकी उजेडाचा’ वाटतो. झाडाला तसं जुळवून घेता येत नाही. फोन मात्र इथे कामाला येतो. बहुतेक अँड्रॉइड फोनला स्क्रीनच्या वरच्या बाजूला प्रकाशाचा सेन्सर असतो, ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त करतो तोच. लक्स मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या. आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. अंदाज सांगते: भर दुपारच्या उघड्या उन्हात लाखभर लक्स, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत दहा-वीस हजार, घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे. बघा किती फरक आहे, आणि डोळ्याला हे सगळं ‘उजेड’च.

आमच्या पट्ट्यावर जूनच्या ढगाळ दुपारी मधल्या भागात सहा हजारांच्या आसपास आकडा आला. गेटकडच्या टोकाला, जिथे वर जिन्याचा सज्जा पुढे आलाय, तिथे आठशे. दहा फुटांत एवढा फरक! मग मी तिथे फोन पालथा नाही, उताणा ठेवला आणि सेल्फी कॅमेऱ्याने वरचा फोटो काढला. मधल्या भागातून दोन विंगांमध्ये आकाशाची रुंद पट्टी दिसत होती. टोकाला फक्त सज्जा, पाइप आणि एसीचे डबे. सावलीत झाड जगतं ते आकाशाच्या उजेडावर. कुंडीला आकाश किती दिसतं, हे त्या एका फोटोत कळतं. मेट्रोच्या पुलाखालची जागा बघा, तिथे आकाशही नाही आणि पाऊसही नाही. तिथे फुलांचा नाद मी तरी करणार नाही.

फोनसुद्धा नको असेल तर पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर. धूसर पडली तर सावलीची फुलं येतील. सावली दिसलीच नाही तर तिथे मनीप्लांट ठेवा आणि सुखी राहा.

मातीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा एपिसोड होईल. आपला हा सगळा भाग खाडी, मिठागरं आणि भरावाचा. सोसायटीतल्या वाफ्यात वरची चार बोटं लाल माती, खाली डेब्रिज. आमच्याकडे खणल्यावर टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि एक अख्खा चमचा निघाला. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात. सगळं उपसणं शक्य नव्हतं, म्हणून विटांची एक ओळ लावून वर फूटभर नवीन भर घातली: माती, गांडूळखत, कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. बोअरचं पाणी मचूळ असेल तर फुलझाडांना शक्यतो घालू नका.

आता जून. पहिले दोन पाऊस झाल्यावर आईने तेरड्याचं बी पेरलं. गावाहून मागवलेलं, कागदाच्या पुडीत. वर बोटभर नाही, जेमतेम नखभर माती. आठवड्याभरात जाड, रसरशीत दांड्याची रोपं वर आली. मी शेजारी टोरेनिया लावला, तोही या वेळी बियांपासून. टोरेनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यावर माती टाकायचीच नाही. ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं आणि ट्रे काचेने झाकायचा.

जुलैत दोन भांडणं झाली. पहिलं तेरड्याचं. उजेड कमी पडला की रोप उंच पळतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, दांडा लुळा पडतो. आमचीही पळायला लागली. मी वीतभर झाल्यावर शेंडे खुडले, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. आई चिडली, ‘गौरीचं झाड आहे ते, मुंडण काय करतेस?’ मग तह झाला. पुढची ओळ माझी, खुडलेली आणि बुटकी. मागची ओळ आईची, उंच, काठीला बांधलेली. खरं सांगायचं तर दोन्ही फुलल्या. माझ्यात फुलं जास्त आली, तिच्यात रूप जास्त होतं.

दुसरं भांडण गोगलगायींशी. शंख वाढवत जाणाऱ्या त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी, पावसाळ्यात मुंबईभर असतात. एका रात्रीत टोरेनियाची अर्धी ओळ गायब. मीठ टाकायचा सल्ला सगळे देतात, पण ते मीठ मातीत उतरतं आणि झाडाला भोवतं. आम्ही रात्री दहाला फोनचा टॉर्च लावून, हातात प्लास्टिकची पिशवी घालून वेचायचो. तिसऱ्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या बेन त्यांच्या मुलाला घेऊन आल्या. चौथ्या रात्री मुलंच मुलं. एक चिमुरडी आकडा लिहून ठेवायची, एकोणचाळीस हा तिचा रेकॉर्ड.

बाकी सावलीत झाड मरतं ते बहुतेकदा पाण्याने. ऊन नाही म्हणजे माती वाळत नाही, आणि आपण मात्र सवयीने रोज मग ओततो. बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर सोडून द्या. खतही निम्मं. सावलीत नत्र जास्त झालं की नुसता पाला होतो.

तेरड्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे आपण शाळेपासून ऐकतो, कुणाचा उत्साह लवकर संपला की हमखास. मी झाडापाशी बसून मोजलं. एक फूल तीन-चार दिवसच टिकतं, खरंय. पण झाड दीड-दोन महिने रोज नवीन फुलं देत राहतं. म्हण फुलाबद्दल बरोबर आहे, झाडाबद्दल नाही.

आणि गंमत ऐका. के-ड्रामा बघणाऱ्यांना हे कदाचित माहीत असेल. कोरियात हेच फूल आहे, बोंगसनह्वा म्हणतात. तिथे मुली त्याच्या पाकळ्या वाटून नखांवर बांधतात, केशरी रंग चढतो. मेंदीत जे रंगद्रव्य असतं, तेच तेरड्यातही सापडतं. आणि त्यांची समजूत अशी की नखावरचा रंग पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला तर पहिलं प्रेम यशस्वी होतं. एकच फूल. आपण म्हणतो तीन दिवस, ते म्हणतात बर्फ पडेपर्यंत. मी करंगळीवर लावून बघितला. बर्फाचं मीरा रोडला काही खरं नाही, पण गणपती ते दसरा टिकला.

पावसाळ्यात घोडबंदर रोडने गेलात तर नॅशनल पार्कच्या बाजूच्या उतारांवर, झाडांच्या कडेला जंगली तेरडा दिसेल, गुलाबी-जांभळा. आईला जे आधीच माहीत होतं ते मला तिथे थांबल्यावर कळलं: हे झाड ढगाळ दिवसांचं, ओल्या सावलीच्या कडेचं आहे. नर्सरीत गेल्यावर आपण झेंडू, झिनिया, पिटुनिया उचलतो, ती सगळी उन्हाची लेकरं. सावलीत नेली की पाला होतो, कळी नाही. आणि जे आपल्याच डोंगरात सावलीत फुलतं, ते आपण म्हणीत टाकून मोकळे झालो. (पार्कातली रोपं उपटू नका हं. बी कुठेही मिळतं.)

टोरेनिया आपल्याकडे परका, आग्नेय आशियातला. जांभळं फूल, घशात पिवळा ठिपका. कमी उजेडात मला सगळ्यात जास्त साथ त्यानेच दिली, ऑगस्टमध्ये थेट ऊन संपल्यावरही तो फुलत होता. त्याचा एक खेळ आहे. फुलात डोकावलात तर वरच्या बाजूला स्त्रीकेसराचे दोन छोटे ओठ दिसतील. काडीने हलकेच स्पर्श करा, ते मिटतात. स्लो-मोशनमध्ये काढा, छान येतं. आणि या फुलाला विज्ञानातही मान आहे. परागनलिका बीजांडापर्यंतची वाट कशी शोधते, हे कोडं जुनं होतं. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी नलिकेला ओढून घेणारी प्रथिनं शोधली, ती टोरेनियात. कारण त्याचा भ्रूणकोश बीजांडाच्या बाहेर डोकावतो, सूक्ष्मदर्शकाखाली उघडा दिसतो. कुंडीतल्या वीस रुपयांच्या रोपात एवढं चाललेलं असतं.

गौरीच्या दिवशी सकाळी आईने मागच्या ओळीतली पाच रोपं निवडली. सगळ्यात चांगली पाच! ओल्या मातीतून मुळासकट अलगद काढली, नळाखाली मुळं धुतली. इतके दिवस जपलेली रोपं उपटताना मला कसंतरी झालं, तिला अजिबात झालं नाही. गावात गौर पाणवठ्यावरून आणतात. इथे ती सोसायटीच्या नळावरून निघाली, बेनच्या मुलीने ताम्हण वाजवलं, आणि लिफ्टने पाचव्या मजल्यावर आली. सेक्रेटरी काकांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, पट्टा वाचला, गोष्ट संपली. नाही. हिवाळ्यात मी पुन्हा मार खाल्ला. सिनेरारिया सावलीत फुलतो असं वाचून आणला, पण ‘सावली’ म्हणजे आकाशाचा भरपूर उजेड. डिसेंबरच्या त्या घळीत तीन कळ्या आल्या, त्याही उघडल्या नाहीत. बिगोनिया, ती मेणचट पानांची, जगली आणि थोडी फुलली. कोलियस उत्तम राहिला, पण तो पानांचा रंग, फुलांचा नाही. त्याला फुलाचा तुरा आला तर खुडून टाका, नाहीतर पानं फिकी पडतात. यंदा मी हिवाळ्याची फुलं त्या पट्ट्यात लावणार नाही. कुंड्यांत लावून दक्षिणेच्या पॅसेजमध्ये ठेवेन, पट्ट्यात कोलियस.

आणि पुढच्या मीटिंगमध्ये गेटकडचे ते आठशे लक्सवाले दहा फूट मीच सोडून दिले. काकांना फोनवरचे दोन फोटो दाखवले, हे आकाश आणि हा सज्जा. म्हटलं, इथे खरंच काही येणार नाही, स्कूटर लावा. उरलेले वीस फूट आमचे. काही जणांना वाटलं मी हरले. आईलाही थोडं वाटलं. पण मेलेल्या रोपांची रांग दाखवून मला जागा अडवायची नव्हती.

बियांचं सांगून थांबते, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तेरड्याची शेंग फुगीर आणि फिकट हिरवी झाली की हात लावताच फुटते आणि बी उडतं. या कुळाच्या ‘इम्पेशन्स’ नावाचा अर्थच अधीर. म्हणून शेंगेला आधी मुठीत घ्या, मग दाबा. किंवा पातळ कापडाची छोटी पिशवी बांधून ठेवा. बी चार दिवस सावलीत वाळवायचं आणि कागदाच्या पुडीत ठेवायचं, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. आमचं या वर्षी सुपारीच्या दोन डब्या भरून निघालं. एक बेनकडे गेली. दुसरी आईच्या कपाटात आहे, आणि माझ्या फोनमध्ये दोन रिमाइंडर आहेत: १ मे, हिरवी जाळी बांधणे. पहिला पाऊस, आईला विचारणे.